व्हॉट्सॲपवरचा हकीम

प्रत्येक घराच्या मोबाइलमध्ये आजकाल एक हकीम बसलेला असतो. त्याला फी लागत नाही, त्याच्या दवाखान्याला सुट्टी नाही, आणि 'या दुखण्यावर माझ्याकडे औषध नाही' असे तो कधी म्हणत नाही. जुम्याच्या सकाळी मुबारकबादीच्या फुलांखाली त्याचा एखादा नुस्खा हमखास येतो. गुडघेदुखीला हे, शुगरला ते, मूतखड्याला तिसरेच. दादीजान तो मोठ्याने वाचायला सांगतात, सून वहीत उतरवून घेते आणि संध्याकाळपर्यंत तो खानदानाच्या चार ग्रुपांवर पोहोचलेला असतो.

या सदरात आम्ही बहुधा मुलांचे खाणे, बाळंतिणीची काळजी, रमजानमधली औषधे अशा विषयांवर लिहितो. या महिन्यात विषय या हकिमाचा आहे, आणि त्याची नाडी पाहणाऱ्यांचा. त्यांना फॅक्ट-चेकर म्हणतात. मुंबईचे 'बूम', अहमदाबादहून २०१७ मध्ये सुरू झालेले 'ऑल्ट न्यूज', आरोग्याच्या दाव्यांची तपासणी करणारे 'टीएचआयपी मीडिया', मराठीतही मजकूर देणारे 'फॅक्ट क्रेसेंडो' आणि 'न्यूजचेकर' ही त्यातली काही नावे. आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच ती ऐकली असतील. हकीम मात्र सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळी अडचण इथेच आहे.

नारळाच्या गरम पाण्याचा संदेश तुम्ही नक्की पाहिला असेल. खोबऱ्याचे दोन-तीन पातळ काप कपात टाकायचे, वर गरम पाणी ओतायचे आणि रोज प्यायचे; त्याने कॅन्सरच्या पेशी मरतात. खाली नाव टाटा मेमोरियल सेंटरचे तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांचे. शेवटी विनंती की हा संदेश दहा जणांना पाठवा, एकाचा तरी जीव वाचेल. परळचे हॉस्पिटल, संचालकांचे नाव, घरात मिळणारी वस्तू आणि वर सवाबाची आशा. असा संदेश कोण अडवून ठेवील?

पडताळणी करणाऱ्यांनी दोन साध्या गोष्टी केल्या. संदेशातली वाक्ये उचलून त्यांनी इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा त्याच मजकुराचे जुने भाईबंद सापडले. एकात नारळाऐवजी लिंबू होते आणि नाव बीजिंगच्या लष्करी इस्पितळातल्या कोणा प्राध्यापकाचे होते. दुसऱ्यात अननस होते आणि डॉक्टरही निराळा होता. गरम पाणी तेच, पातळ काप तेच, दहा जणांना पाठवण्याची विनंतीही तीच. फळ आणि डॉक्टर मात्र देश पाहून बदलत गेले. दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांचे नाव वापरले त्यांनाच विचारणे. टाटा मेमोरियलने २०१९ मध्ये लेखी खुलासा काढला की डॉ. बडवे यांनी असे काहीही सांगितलेले नाही आणि नारळाच्या गरम पाण्याने कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही. एवढ्यावर विषय मिटायला हवा होता. पण तो संदेश त्यानंतरही वर्षानुवर्षे फिरत राहिला, कारण खुलासा हॉस्पिटलच्या लेटरहेडवर होता आणि संदेश आपल्या खालाजानच्या मोबाइलवर.

कॅन्सरच्या पेशी मारणारे पदार्थ पुष्कळ आहेत, हेही इथे सांगितले पाहिजे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ब्लीच ओतले तरी त्या मरतात. म्हणून कोणी ब्लीच पीत नाही. बशीतून माणसाच्या शरीरापर्यंतचा रस्ता फार लांबचा असतो आणि बहुतेक पदार्थ त्या रस्त्यात गळून पडतात. हकीम नेमका हा रस्ता वगळतो. नारळाच्या पाण्याने कोणाचे वाईट होत नाही, हे खरे. वाईट होते ते थांबण्याने. छातीत गाठ लागलेली बाई 'महिनाभर हे करून पाहते' म्हणते आणि तो महिना पुढे तीन महिन्यांचा होतो. पहिल्या टप्प्यात सापडलेला स्तनाचा कॅन्सर बरा होण्याची शक्यता मोठी असते. तिने घालवलेले तीन महिने कोणत्याही हॉस्पिटलला परत देता येत नाहीत.

ही रीत आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. हदीसच्या अभ्यासकांनी शतकानुशतके हेच काम केले: गोष्ट काय आहे हे पाहण्याआधी ती कोणी, कोणाकडून, केव्हा ऐकली आणि सांगणारा किती भरवशाचा होता हे पाहिले. त्या साखळीला इस्नाद म्हणतात हे मदरशात गेलेल्या मुलालाही ठाऊक असते. मग 'एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले आहे' एवढ्या साखळीवर आपण औषध कसे घेतो, हे आम्हाला उमगत नाही.

व्हिडिओची पडताळणी थोडी वेगळी असते, आणि तिचे मोल मुस्लिम घरांना कोणी समजावून सांगायला नको. २०२० चे मार्च-एप्रिल आठवून पाहा. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि दोन-चार दिवसांत मोबाइलवर व्हिडिओंचा पूर आला. एकात पोलिसांच्या गाडीत बसलेला तरुण पोलिसावर थुंकतो. एकात टोप्या घातलेली माणसे ताटे-वाट्या चाटून ठेवतात. एकात मशिदीत बसलेले लोक एका तालात जोरजोराने श्वास सोडतात. तिन्हींखाली ओळ एकच: हे लोक मुद्दाम कोरोना पसरवत आहेत. त्या दिवसांत भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले, गाड्या गल्लीतून परत पाठवल्या गेल्या. हीसुद्धा आरोग्याविषयीचीच खोटी माहिती होती, फक्त औषधाच्या जागी शत्रू दाखवलेला होता.

'ऑल्ट न्यूज'ने हे व्हिडिओ एकेक करून उलगडले. पद्धत समजायला सोपी आहे. व्हिडिओ थांबवून त्यातली ठळक चित्रे वेगळी काढायची, ती शोधयंत्रात टाकायची आणि हेच चित्र याआधी कुठे आले होते ते पाहायचे. थुंकण्याचा व्हिडिओ फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस मुंबईच्या वृत्तपत्रांनीच दिलेला निघाला, म्हणजे मरकजच्या बातमीच्या महिनाभर आधीचा. तो तरुण कच्चा कैदी होता आणि घरच्या जेवणावरून त्याचे पोलिसांशी भांडण झाले होते. ताटे चाटणारे लोक बोहरा होते. अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून ताट पुसून खाण्याची त्यांची रीत आहे, आणि तो व्हिडिओ २०१८ पासून इंटरनेटवर होता. तेव्हा कोरोनाचे नावही कोणी ऐकले नव्हते. श्वास सोडणारे लोक सूफी पद्धतीने झिक्र करत होते.

तारीख, जागा आणि माणसे कोण, या तीन प्रश्नांनी तिन्ही व्हिडिओ उघडे पडले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि छापील व टीव्ही माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा करण्यात आले, असे निकालात नोंदवले. न्यायालयाला तिथे पोहोचायला काही महिने लागले. पडताळणी करणाऱ्यांनी ते काम काही दिवसांत केले होते, आणि त्या दिवसांत तेवढाच एक आधार होता.

म्हणूनच पुढची गोष्ट लिहिताना आम्हाला जड जाते. ज्या ग्रुपांवर 'आमच्याविरुद्ध किती खोटे पसरवतात पाहा' म्हणून हळहळ व्यक्त होत होती, तसल्याच ग्रुपांवर त्याआधी आणि त्यानंतर लसीविषयीचे खोटे जसेच्या तसे फिरत होते. तारीख कोणी विचारली नाही. जागाही कोणी विचारली नाही.

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना एक टोचणी द्यायची होती. देशात ही मोहीम टप्प्याटप्प्याने २०१७ पासून चालली होती, आणि ती जिथे जाई तिथे तिच्याआधी एक संदेश पोहोचलेला असे: ही लस घेतलेली मुले पुढे बाप होऊ शकणार नाहीत, मुसलमानांची संख्या घटवण्याचा हा डाव आहे. केरळच्या मलप्पुरममध्ये तो फिरला, उत्तर प्रदेशात मदरशांपर्यंत गेला आणि मग आपल्याकडे आला.

पडताळणी करणाऱ्यांनी त्याला दिलेले उत्तर सरळ होते. लस सगळ्या शाळांत, सगळ्या धर्मांच्या मुलांना एकाच बाटलीतून दिली जाते. ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. गोवर-रुबेलाचीच लस बांगलादेशाने २०१४ च्या मोहिमेत पाच कोटींहून अधिक मुलांना दिली होती. या अफवेत एक क्रूर विनोदही आहे. रुबेला हा आजार मुलांना सौम्य होतो, पण गरोदर बाईला पहिल्या महिन्यांत झाला तर गर्भपात होऊ शकतो, किंवा बाळ बहिरे, मोतीबिंदू असलेले, हृदयात दोष असलेले जन्माला येऊ शकते. म्हणजे वांझपणाची अफवा ज्या लसीवर उठली, ती उद्याच्या आईच्या पोटातले बाळ सांभाळणारी लस होती.

चार वर्षांनी, २०२२ च्या ऑक्टोबरअखेर, मुंबईत गोवंडीच्या रफीकनगरात एकाच कुटुंबातली तीन लहान मुले अठ्ठेचाळीस तासांच्या आत दगावली. मग गोवंडी, कुर्ला, भिवंडी, मालेगाव अशा नावांच्या बातम्या येत राहिल्या. आजार गोवर होता. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो, आणि रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहतात तिथे याचा अर्थ काय होतो, हे लिहायची गरज नाही.

या मृत्यूंचे खापर फक्त अफवेवर फोडणे मात्र आम्हाला मान्य नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत नेहमीच्या लसीकरणाच्या फेऱ्या चुकल्या होत्या. गावाकडे गेलेली कुटुंबे परत आली तेव्हा मुलांची कार्डे हरवलेली होती. कुपोषण होते, दवाखाना दूर होता, मजुरी बुडवून रांगेत उभे राहणे परवडत नव्हते. टीव्हीवर 'मुस्लिम वस्तीतील अज्ञान' असे शब्द ऐकले की राग येतो तो यामुळेच. पण या सगळ्या कारणांच्या जोडीला लस टाळणारीही घरे होती, आणि पालिकेला मौलाना व वस्तीतल्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून दारोदार जावे लागले. हेही तितकेच खरे आहे.

हे खोटे एवढे खोल का रुजते? इथे पडताळणी करणाऱ्यांच्या कामाची सीमा दिसते. 'दावा खोटा' असा लाल शिक्का मारला की त्यांचे काम झाले. भीती मात्र शिक्क्याने जात नाही, कारण तिची मुळे कधीकधी खऱ्या घटनांत असतात. आणीबाणीत, नोव्हेंबर १९७६ मध्ये, हरियाणातल्या उटावड या मेवाती मुस्लिम गावाला पोलिसांनी वेढा घातला आणि पुरुषांना नसबंदीसाठी नेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीत तुर्कमान गेटला घरे पाडली गेली आणि गोळीबार झाला. तिथल्या रागातही नसबंदीची सक्ती मिसळलेली होती. २०११ मध्ये पाकिस्तानच्या ॲबटाबादमध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने माग काढण्यासाठी लसीकरणाची खोटी मोहीम चालवली, हेही उघड झालेले आहे. ज्या आजोबांनी १९७६ पाहिले त्यांना 'सरकारची सुई' या शब्दांत काय ऐकू येते, हे मुंबईतल्या कार्यालयात बसून कळत नाही. २०१८-१९ मध्येही सरकारने पालकांना विश्वासात घ्यायला हवे तितके घेतले नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या शाळांतली मोहीम पालकांच्या संमतीच्या मुद्द्यावर थांबवली होती. जिथे विचारले जात नाही, तिथे शंका घेतली जाते.

नायजेरियातल्या कानो या मुस्लिमबहुल राज्याने २००३ मध्ये हीच वांझपणाची शंका घेऊन पोलिओचे डोस बंद केले. सुमारे अकरा महिने ते बंद राहिले. तेवढ्यात तिथला विषाणू अनेक देशांत गेला आणि २००५ मध्ये पार इंडोनेशियापर्यंत पोहोचला. मोहीम पुन्हा सुरू झाली ती तक्ते आणि आकडे दाखवून झाली नाही. इंडोनेशियातल्या, म्हणजे मुस्लिम देशातल्या, कारखान्यात बनलेली लस आणली गेली आणि ती स्वीकारली गेली. आपल्याकडे उत्तर प्रदेशातही पोलिओच्या वेळी जामिया मिलिया, अलीगढ विद्यापीठ, स्थानिक उलेमा आणि घरोघर जाणाऱ्या मोहल्ल्यातल्याच बाया हे सगळे मैदानात उतरले, तेव्हा दारे उघडली. भारतातला नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. त्यानंतर एकही नाही.

एका प्रश्नाचे उत्तर तर पडताळणी करणारा देऊच शकत नाही: हलाल की हराम? डिसेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या लशीत डुकराचे जिलेटिन असल्याची चर्चा उठली. पडताळणी करणाऱ्यांनी घटकांच्या याद्या काढून दाखवल्या. कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिनमध्ये जिलेटिन नव्हतेच. भारतापुरता प्रश्न तिथे संपला. पण काही लशींत जिलेटिन असते, आणि तिथे यादी दाखवून भागत नाही, फिक्ह जाणणारा माणूस लागतो. असे लोक बोललेले आहेत. १९९५ मध्ये कुवेतमध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेच्या परिषदेला शंभरावर विद्वान जमले होते. मूळ पदार्थाचे रूप पूर्ण बदलून जिलेटिन तयार होते, म्हणून ते वापरता येते, असे त्यांचे मत पडले. संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा परिषदेने डिसेंबर २०२० मध्ये जीव वाचवण्याच्या गरजेचा आधार घेऊन कोरोनाची लस जायज ठरवली. तुमच्या मस्जिदीच्या इमामसाहेबांचे मत वेगळे असू शकेल. त्यांना जाऊन विचारा. फॉरवर्डवरचा अनाम मुफ्ती कोणाला उत्तर देण्यास बांधील नसतो.

आपल्या घरांत आणखी एक जिन्नस खास चालतो, तो म्हणजे श्रद्धेचे लेबल लावलेला दावा. २०२० मध्ये कलौंजीत शंभर टक्के हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असते असा संदेश फिरला होता. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे प्रयोगशाळेत तयार केलेले औषध आहे. ते कोणत्याही बियाण्यात नसते. पडताळणी करणाऱ्यांनी तसे लिहिले, तर 'हे तर सुन्नतविरुद्ध बोलतात' अशी ओरड झाली. खरे तर कलौंजी खाऊ नका असे कोणीच म्हणत नव्हते. आमच्याही स्वयंपाकघरात कलौंजी आहे, नानवर भुरभुरवलेली तर फारच छान लागते. हरकत आहे ती 'कलौंजी घ्या आणि इन्शुलिन सोडा' या वाक्याला. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचे इन्शुलिन थांबले तर काही दिवसांतच, कधी त्याहून लवकर, रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो. कोणताही संदेश 'हेही घ्या' म्हणत असेल तोवर फार बिघडत नाही. 'ते सोडा' म्हणू लागला की तिथेच थांबावे. त्यातही शेवटी बाटलीची किंमत आणि मोबाइल नंबर असेल तर समजावे की हा नुस्खा नाही, दुकान आहे. मधुमेह, कॅन्सर अशा आजारांवर हमखास इलाजाची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंद आहे, पण व्हॉट्सॲपच्या गल्लीत तो कायदा क्वचितच फिरकतो.

नावाजलेला माणूस बोलला की काम आणखी अवघड होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी सांगितले की त्यांच्या पत्नीचा चौथ्या टप्प्याचा कॅन्सर कडुनिंब, हळद, लिंबूपाणी, साखर बंद आणि उपास यांनी मागे हटला. उपचार चालू होते, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली होती, हा भाग ऐकणाऱ्यांच्या कानातून निसटला. तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी एकत्र पत्रक काढले की असल्या दाव्यांवर विसंबून उपचार लांबवू नका. एका पत्रकाखाली एवढ्या डॉक्टरांनी सही करण्याचा प्रसंग क्वचित येतो. त्यानंतर सिद्धू यांनीही, आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि उपचारांसोबत होता, असा खुलासा केला. पहिला व्हिडिओ किती जणांनी पाहिला आणि खुलासा किती जणांनी वाचला, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आता तर माणूस बोललाच पाहिजे असेही राहिलेले नाही. डॉ. देवी शेट्टी, डॉ. नरेश त्रेहन अशा मोठ्या डॉक्टरांचे चेहरे आणि आवाज संगणकाने बनवून औषधे विकणारे व्हिडिओ आले. अशा व्हिडिओंची तपासणी करायला भारतातल्या पडताळणी संस्थांनी मिळून २०२४ मध्ये वेगळा विभाग उघडला. ओठ आणि आवाज यांचा मेळ, दातांच्या जागी दिसणारा पांढरा पट्टा, एकाच सुरातले बोलणे अशा खुणा ते पाहतात. घरी बसून या खुणा ओळखण्याच्या भरीस पडू नये, असे आमचे मत आहे. त्या दर सहा महिन्यांनी बदलतात. त्यापेक्षा एवढाच विचार करावा की हृदयाची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर सांधेदुखीचे तेल कशाला विकील?

पडताळणी करणाऱ्यांनाही मर्यादा आहेत. व्हॉट्सॲपचे संदेश बाहेरच्या कोणाला वाचता येत नाहीत, त्यामुळे कोणीतरी पाठवल्याशिवाय तिथे काय चालले आहे हे त्यांना कळतच नाही. त्यांचा बराचसा पैसा त्याच कंपन्यांकडून येतो ज्यांच्या दारात हा कचरा पडतो. फेसबुकच्या मालक कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत बाहेरच्या संस्थांकडून पडताळणी करून घेणे बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा हे परावलंबन उघडे पडले. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच जणांना संदेश पुढे पाठवता येईल असे केले, आणि एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. अशा संदेशावर दोन बाण दिसतात. ते बाण लोक लोकप्रियतेची खूण समजतात, ही आणखी एक गंमत.

म्हणून उरलेले अर्धे काम घरातच करावे लागते, आणि ते बहुधा बायकांच्या वाट्याला येते, कारण औषधाचा डबा त्यांच्या ताब्यात असतो. त्यात जीभ सांभाळावी लागते. मोठ्या चाचांनी टाकलेल्या संदेशाखाली सगळ्या खानदानासमोर 'हे खोटे आहे' असे लिहिले तर चाचा तो संदेश पुढच्या वेळी तुम्हाला वगळून पाठवतील, इतकेच होईल. वेगळा फोन करावा. 'चाचाजान, तुम्ही काळजीने पाठवलेत, म्हणून मी जरा चौकशी केली' इथून सुरुवात करावी, कारण ते खरेच आहे. बहुतेक फॉरवर्ड काळजीपोटी येतात. बोलताना आधी खरे काय ते सांगावे, खोट्याची उजळणी कमीत कमी करावी, नाहीतर लक्षात तेच राहते. आणि ग्रुपवर दुरुस्ती चाचांच्याच हातून टाकता आली तर त्याहून चांगले काही नाही, त्यांचा मानही राहतो.

बहुतेक पडताळणी संस्थांचे व्हॉट्सॲप नंबर असतात. शंका आलेला संदेश किंवा व्हिडिओ तिथे पाठवला की तपासलेला असेल तर उत्तर येते, नसेल तर त्यांच्या कामाच्या यादीत जातो. नंबर त्यांच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा, कोणी फॉरवर्ड केलेला नको.

गोवराच्या लशीविषयी आम्हाला नेहमी विचारले जाते की वेळ निघून गेली तर काय. पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. राहून गेला असेल तर सरकारी लसीकरणात पाच वर्षांपर्यंत देता येतो. कार्ड हरवले असले तरी जावे, नवे कार्ड करून मिळते. आपल्या भागातल्या आशाताईंना लसीकरणाचा वार ठाऊक असतो, आणि पैसे पडत नाहीत.